जुनी मोटार चालू करताना

मोटारीच्या दुरुस्तीवर बोलण्याचा तुम्हाला अधिकार काय, असे कोणी विचारले तर मला मान खाली घालावी लागेल. मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पाना आणि पक्कड यांपलीकडे हत्यारांची नावे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हती. परंतु अज्ञानाचाही एक उपयोग असतो. ज्याला सगळे येते तो सांगताना मधल्या पायऱ्या गाळतो. जो प्रत्येक पायरीवर ठेचकाळला, त्याला त्या सगळ्या लक्षात राहतात. एवढ्याच भांडवलावर मी आज बोलणार आहे. तुमच्यापैकी कोणाच्या दारात, गोठ्यात किंवा आजोबांच्या वाड्यात एखादी जुनी मोटार धूळ खात उभी असेल, आणि ती आपण चालू करावी असे तुमच्या मनात कधी येत असेल, तर माझ्या ठेचा तुमच्या उपयोगी पडतील.

ऑक्टोबर २०२३ ची गोष्ट. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची निवृत्त झाल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदलेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे त्या महिनाअखेर तिची मुदत संपली. ती बातमी आमच्या शेजारच्या आळीतल्या आक्कांनीही वाचली. आक्कांचे वय ऐंशीच्या पुढचे. त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. त्यांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. यजमानांनी ती १९८६ मध्ये दुसऱ्या मालकाकडून घेतली, आणि २०१२ मध्ये ते आजारी पडले तेव्हापासून ती जागची हललेली नव्हती. भंगारवाला दरवर्षी येई आणि वजनावर भाव सांगून जाई. आक्कांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाल्या, “तुम्ही जुन्या वस्तूंचे शिकवता ना? मग ही घेऊन जा. फुकट नको देत, फुकटची वस्तू माणूस फेकून देतो. पण मोडीत घालणार नसाल तरच.”

मी तीस हजार रुपये दिले आणि गाडी घेतली. त्यांनी किल्लीबरोबर एक शंभरपानी वही दिली. यजमानांनी त्या वहीत प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, मीटरचा आकडा, बदललेले तेल, घातलेला प्लग, सारे तारीखवार लिहून ठेवले होते. ही वही लक्षात ठेवा. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

आता या गाडीविषयी थोडेसे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. इटलीच्या फियाट कंपनीने १९५३ साली आपली नवी ‘अकराशे’ मोटार बाजारात आणली आणि त्याच दशकात ती कुर्ल्यालाही तयार होऊ लागली. तिच्या जुन्या गोल अंगाच्या गाडीला आपल्याकडे लोक प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली. पुढे तीच घडण १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत फारशी न बदलता निघत राहिली. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना बँकेचे पाच हजारांचे कर्ज काढून घेतलेली मोटार ती हीच फियाट. त्या काळी पैसे भरूनही गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. तेव्हा आपल्या घरांतून या गाडीला जी माया मिळाली तिचे नवल वाटायला नको.

नव्या माणसाच्या दृष्टीने या गाडीचा मोठा गुण असा की ती समजते. चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन; सुमारे चाळीस अश्वशक्ती; गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून; चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. बॉनेट उघडले की प्रत्येक वस्तू वेगळी दिसते नि हाताला लागते. यात संगणक नाही, काही दडवलेले नाही. पेट्रोल, हवा, ठिणगी आणि दाब, या चार गोष्टी वेळच्या वेळी एकत्र आल्या की ती चालते. यांतली एक रुसली की थांबते.

गाडी दारात आली की पहिला मोह कोणता होतो, सांगू? नवी बॅटरी आणावी, किल्ली फिरवावी आणि बघावे. हा मोह आवरा. अकरा वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल केव्हाच खाली उतरलेले असते. दट्ट्याच्या कड्या, म्हणजे पिस्टनच्या रिंगा, गंजाने भिंतींना धरलेल्या असू शकतात. अशा वेळी सेल्फ मारला किंवा चार पोरांनी गाडी ढकलून गिअर टाकला, तर रिंगा तुटतात, भिंतींवर ओरखडे पडतात आणि दोन दिवसांत सुटले असते ते इंजिन दोन महिने उघडे पडते.

सुदैवाने मला या मोहापासून वाचवणारे एक मिस्त्री भेटले. सत्तरीचे गृहस्थ. चाळीस वर्षे फियाटवर काम केलेले. आता गुडघे दुखतात म्हणून गॅरेज बंद करून घरी बसलेले. मी त्यांना म्हटले, “मिस्त्री, तुम्ही फक्त खुर्चीवर बसून सांगा, हात मी काळे करतो.” त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले आणि विचारले, “सर, खडूशिवाय दुसरे काही धरलेय का कधी?” असा आमचा वर्ग सुरू झाला. विद्यार्थी मी, नि मास्तर ते.

पहिला धडा केवळ बघण्याचा. त्यांनी मला संपूर्ण एक रविवार एकही बोल्ट सोडू दिला नाही. हवेच्या गाळणीचा डबा उघडला तर आत उंदरांनी चिंध्या आणि भुईमुगाच्या टरफलांचे घर केलेले. धुराड्याच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घरटे बांधून भोक बुजवलेले. वायरींचे कापडी वेष्टण दोन ठिकाणी कुरतडलेले. इंजिनच्या तेलाची दांडी काढून पाहिली. तेल काळे होते, पण दुधाळ नव्हते. दुधाळ तेल म्हणजे त्यात पाणी शिरले. ते नसल्याने मिस्त्रींचा चेहरा थोडा सैल झाला. चटईखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिला. वरून चकचकीत रंग असलेली गाडी खालून चाळण झालेली असू शकते, म्हणून रंग बघून गाडी घेऊ नका, पत्रा टोचून घ्या. इंजिन दुरुस्त होते, सांगाडा कुजला की खर्चाला अंत राहत नाही.

दुसरा धडा इंजिन मोकळे करण्याचा. चारही प्लग काढले, आणि प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण चमचा-चमचा आत सोडले. मग चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी गाडी टॉप गिअरमध्ये टाकली आणि दोघांनी मागून पुढे, पुढून मागे असे हलकेच झुलवले. इंजिन हलले नाही. आणखी तेल, आणखी चार दिवस. मला वाटले, संपले. मिस्त्री म्हणाले, “लोखंड रुसले की त्याच्याशी भांडायचे नसते.” नवव्या दिवशी झुलवताना एकदम कट्‌ असा आवाज आला आणि गाडी वीतभर पुढे गेली, फॅनही तिच्याबरोबर फिरला. इंजिन सुटले होते. त्या वीतभर अंतराचा आनंद मला एम.ए. च्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

मग जुने तेल नि गाळणी काढून टाकली, नवे तेल घातले, आणि प्लग बाहेरच ठेवून सेल्फने इंजिन फिरवले. प्लग नसले की आत दाब होत नाही, इंजिन हलके फिरते आणि पंप तेल वरपर्यंत चढवतो. तेलाचा तांबडा दिवा विझेपर्यंत, मधे मधे सेल्फला विश्रांती देत, हे करायचे. कोरड्या बेअरिंगांवर पहिला स्फोट होऊ द्यायचा नाही, एवढाच याचा हेतू.

तिसरा धडा पेट्रोलचा. पेट्रोल दुधासारखे नासत नाही, पण शिळे मात्र होते. त्यातला चटकन पेट घेणारा हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा डिंकासारखा चिकट थर बसतो. आमच्या टाकीतून निघाले ते लालसर, जुन्या वॉर्निशच्या वासाचे पाणी, नि खाली गंजाचा गाळ. टाकी उतरवली, आत मूठभर बारीक खडी आणि थोडे पेट्रोल घालून दोघांनी तासभर घुसळली, मग धुऊन वाळवली. येथे एक इशारा देतो. टाकी गळत असेल तर ती रिकामी आहे म्हणून कोणाला तशीच डाग द्यायला देऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ अधिक घातक असते. ठिणगी पडली तर स्फोट होतो. हे काम ज्याला ते करण्याची रीत माहीत आहे त्याच्याकडेच द्या.

आणि रबराच्या नळ्या सगळ्या बदला. जुन्या गाडीच्या नळ्या नि पेट्रोल पंपातला पडदा शुद्ध पेट्रोलसाठी केलेला होता. आज आपल्या पंपांवर मिळते त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला मऊ करून फोडते. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची नळी फुटणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मिळतात, त्याच घाला. आणि गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नका.

कार्बुरेटर सोलेक्स जातीचा. तो उघडला तेव्हा मला घड्याळ उघडल्यासारखे वाटले. आतल्या जेटचे भोक सुईच्या अग्राएवढे, नि त्या भोकावर पेट्रोल किती जाणार याचा सारा हिशेब. ते बुजले होते. मी तत्परतेने तार घेतली, तर मिस्त्री ओरडले, “तार नाही! फुंकर!” तारेने भोक केसभर मोठे झाले की गाडी जन्मभर पेट्रोल जास्त पिते. ते पेट्रोलमध्ये भिजवायचे आणि हवेच्या दाबाने साफ करायचे.

चौथा धडा ठिणगीचा. ज्याला पुस्तके डिस्ट्रिब्यूटर म्हणतात त्याला आपले मिस्त्री लोक ‘डेल्को’ म्हणतात. त्याच्या टोपणाखाली दोन लहानसे पॉइंट असतात. ते उघडताना कॉइलमध्ये मोठा दाब तयार होतो आणि प्लगवर ठिणगी पडते. अकरा वर्षांच्या दमट हवेने त्या पॉइंटांवर राखी थर चढला होता. बारीक पॉलिश कागदाने तो घासला, दोहोंमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित आत ठेवली, कंडेन्सर नवा घातला. चार सिलिंडरांना ठिणगी द्यायचा क्रम एक-तीन-चार-दोन. मी तो पाढ्यासारखा पाठ केला आणि तरीही पहिल्या खेपेस दोन वायरी उलट लावल्या. प्लग इंजिनच्या अंगाला टेकवून पाहिला, निळी, ठसठशीत ठिणगी पडली. हे पाहताना जवळपास पेट्रोलचे उघडे भांडे ठेवू नका, आणि वायर उघड्या हाताने धरू नका.

रेडिएटरमधून तांबडा चिखल निघाला. तो दोनदा धुतला, रबरी होज आणि फॅनबेल्ट बदलले. आणि जानेवारी २०२४ मधल्या एका रविवारी सकाळी चोक ओढून मी किल्ली फिरवली. एकदा खोकली, दोनदा खोकली, तिसऱ्यांदा इंजिन धरले गेले. आत घातलेले तेल जळून असा काही पांढरा-निळा धूर निघाला की आळीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. दहा मिनिटांनी धूर ओसरला आणि मागे राहिला तो आवाज ज्यांनी ऐकला असेल त्यांना सांगायला नको, नि ज्यांनी ऐकला नसेल त्यांना सांगून कळायचा नाही.

येथे माझे व्याख्यान संपते असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटले होते, आणि तीच माझी मोठी चूक.

मिस्त्री जेवायला घरी गेले. जाताना त्यांनी बजावले होते, “गाडी हलवू नका, सर.” मी ब्रेकचे पेडल दाबून पाहिले. पहिल्या दाबाला ते खाली गेले, पण दोन-तीनदा हाणल्यावर कडक झाले. म्हटले, ब्रेक लागतो आहे. कागदपत्रे झालेली नव्हती. रस्त्यावर गाडी काढण्याचा मला कायद्याने हक्कच नव्हता. पण म्हटले, आपली आळी म्हणजे काय रस्ता आहे? मी गाडी काढली. आळीच्या टोकाला उतार आहे. उताराच्या तोंडाशी एक शाळकरी मुलगा सायकलवरून आडवा गेला. मी ब्रेक दाबला, नि पेडल लोण्यात बोट जावे तसे तळाला गेले. पुन्हा दाबला, काही नाही. हातब्रेक ओढला, त्याची तार गंजून केव्हाच संपली होती. मुलगा हातभर अंतराने निसटला. मी कसाबसा खालचा गिअर टाकला, आणि बांधकामासाठी ओतलेल्या वाळूच्या ढिगात गाडी घातली. बंपर वाकला, माझे कपाळ फुटले. मुलगा मागे वळून हसत निघून गेला. त्याला काही कळलेच नाही. मी मात्र अर्धा तास स्टिअरिंगवरचे हात काढू शकलो नाही.

मिस्त्री आले. मला वाटले, रागावतील. ते ढिगाशेजारी बसले आणि सावकाश म्हणाले, “सर, गाडी चालत नाही म्हणून कुणी मरत नाही. थांबत नाही म्हणून मरते.”

त्या रात्री झोप आली नाही. उठून ओव्हरसियरसाहेबांची वही काढली. ती मी पूर्वी वाचली नव्हती असे नाही. मोठ्या कौतुकाने वाचली होती, गणपतीपुळ्याची सहल, लेकीच्या लग्नात केलेल्या फेऱ्या, पेट्रोलचे चढत गेलेले भाव. पण ती मी पहिल्या पानापासून वाचली आणि अर्ध्यावर ठेवून दिली. त्या रात्री शेवटचे पान उघडले. शेवटची नोंद २०१२ सालची, अक्षर थोडे थरथरते. लिहिले होते: “ब्रेक पेडल खाली जाते. पंप केल्यावर येते. पुढील आठवड्यात दाखवणे.” तो पुढचा आठवडा त्यांच्या आयुष्यात आला नाही, ते अंथरुणाला खिळले. विद्यार्थ्यांना मी वीस वर्षे सांगत आलो की साधन अखेरपर्यंत वाचा, आपल्याला आवडते तेवढेच वाचू नका. आणि माझ्या हातात जे साधन होते, ज्याने मला स्पष्ट शब्दांत सावध केले होते, ते मीच अर्धे वाचले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या घरी जाऊन मी सारे सांगितले. त्याच्या आईने मला पाणी दिले. बोलली काही नाही. ते न बोलणे मला पुरले.

म्हणून श्रोतेहो, मी ज्या क्रमाने काम केले तो क्रम तुम्ही उलटा करा. इंजिनला हात लावण्यापूर्वी ब्रेक करा. ते कसे, ते ऐका.

ब्रेकच्या तेलालाही पाणी ओढून घेण्याची खोड असते. वर्षानुवर्षे ते बदलले नाही तर मास्टर सिलिंडर आणि चाकांतले लहान सिलिंडर आतून गंजतात, रबरी वाट्या फाटतात, आणि पेडलचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. आमच्या गाडीत त्याहून वाईट निघाले. मागे कधीतरी कुठल्याशा गॅरेजात ब्रेकच्या डब्यात साधे इंजिन ऑइल ओतले गेले होते. खनिज तेलाने ब्रेकची रबरे फुगतात नि सैल होतात. एकेक वाटी फुगून दुप्पट झालेली. चारही ड्रम उतरवले. ते धरून बसले होते, लाकडी हातोड्याने भोवती ठोकत ठोकत सुटले. आतली धूळ तोंडाने फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके टाकून द्या.

चारही चाकांचे सिलिंडर नवे, मास्टर सिलिंडर नवा, लोखंडी नळ्या नव्या, रबरी नळ्या नव्या. येथे काटकसर करू नका. ड्रमांना पडलेले चर शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवर काढून घेतले. उद्यमनगर हे आम्हा कोल्हापूरकरांचे भाग्य आहे. एखादा भाग बाजारात मिळत नसेल तर नमुना घेऊन जावा आणि तसा घडवून आणावा. पुढच्या चाकांच्या किंगपिनचे बुशसुद्धा मी तिथेच करून घेतले.

शेवटी नळ्यांतली हवा काढणे. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते; नळीत बुडबुडा राहिला तर पायाचा सारा जोर तो बुडबुडाच खातो. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, म्हणजे आपल्या उजव्या हाताच्या गाडीत मागच्या डाव्या. आमच्या सौभाग्यवती पेडलवर बसल्या, मी चाकाखाली. “दाबा... धरा... सोडा!” असा घोष दोन तास चालला. तोपर्यंत गाडीवर झालेल्या खर्चाविषयी त्या माझ्याशी अबोला धरून होत्या. अबोल्यात हे काम होत नाही, हा त्यातला आणखी एक फायदा.

टायरांचेही तेच. वरची नक्षी ठीक दिसते म्हणून फसू नका. रबर उभ्या उभ्या म्हातारे होते. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरांवर शेवटी ०८ होते. पाचही बदलले.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते. नंतर गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. माझ्या गाडीची मुदत २०१३ मध्ये संपली होती. म्हणजे नोंदणीचे नूतनीकरण, उशिराचे पैसे, पर्यावरण कर, विमा, धुराचा दाखला, नि मालकी बदलण्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम झाले, परंतु तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते. गाडी विकत घेण्यापूर्वी नोंदणीपुस्तक पाहा, इंजिन आणि चासीचे आकडे गाडीवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. ते जुळत नसतील तर कितीही स्वस्त असली तरी नमस्कार करून परत या.

खर्च किती झाला, हा प्रश्न तुमच्या ओठांवर असेल. गाडीचे तीस हजार; दुरुस्तीला, कागदपत्रे सोडून, ब्याण्णव हजार; रंग अजून दिलेला नाही. एवढ्या पैशांत याहून पुष्कळ नवी, सेकंडहँड गाडी आली असती, हे मला घरी अनेकदा सांगण्यात आले आहे आणि ते खरे आहे. हिशेबाने पाहिले तर हा धंदा बुडीत आहे. जो हिशेबाने पाहतो त्याने यात पडू नये, आणि जो पडेल त्याने घरखर्चाचा पैसा यात घालू नये. मी दर महिन्याला ठरलेली रक्कम बाजूला काढली, ती संपली की काम थांबवले. म्हणून नऊ महिने लागले. जुनी गाडी घाईचे ऐकत नाही, नि कर्जाचे तर मुळीच ऐकत नाही.

२०२४ च्या दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मिस्त्रींनी आपली पेटी आणून माझ्या अंगणात हत्यारांची पूजा मांडली होती. पूजेनंतर ते म्हणाले, “ही हत्यारे आता माझ्या घरात गंजणार. तुमच्याकडे राहू द्या.” त्यांची दोन्ही मुले नोकरीला आहेत, कार्बुरेटर त्यांनी कधी उघडलेला नाही. एका माणसाच्या हातात चाळीस वर्षे साठलेले शहाणपण कुठल्याही पुस्तकात नाही, आणि ते त्याच्याबरोबरच जाते. गाडीचे सुटे भाग कुठेतरी मिळतात, नाहीतर लेथवर करता येतात. हा भाग मात्र मिळत नाही. तुमच्या गावात असा कोणी असेल तर आजच त्याच्याकडे जाऊन बसा. गाडी नसली तरी बसा.

दसऱ्याच्या सकाळी आक्कांना रंकाळ्यावरून फिरवून आणले. त्या पुढच्या आसनावर बसल्या, पदर सारखा केला, काच खाली करायचा दांडा न बघता हाताने शोधून काढला. उताराशी आलो तेव्हा मी ब्रेक लावला. गाडी जागच्या जागी, मुकाट थांबली. आक्का म्हणाल्या, “यांना सांगत होते मी, ब्रेक दाखवा म्हणून.” मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. घरापाशी उतरताना म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात नृसिंहवाडीला जायचे आहे मला. येईल का ही एवढे?”

येईल, असे मी सांगितले. रात्री वही काढली. ओव्हरसियरसाहेबांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून तारीख घातली, मीटरचा आकडा लिहिला आणि पुढे लिहिले: “ब्रेक पूर्ण केले. चालू.”

तुमच्या दारातली गाडी जेव्हा तुम्ही उघडाल, तेव्हा तुम्हीही अशी एक वही घाला. दर वेळी काय केले ते लिहा, आणि काय करायचे राहिले तेही लिहा. तुमच्यानंतर ती गाडी कोणाच्या तरी हाती जाईल. तो माणूस माझ्यासारखा उतावळा असण्याचा संभव आहे. म्हणून राहिलेले काम वहीच्या पहिल्या पानावर लिहा.